पुरानंतर माझ्यावर रुक्या झाली, त्याबद्दल सगळं

मी चिपळूणचा. खाली कपड्याचं दुकान, वर घर, अब्बा, अम्मी, बायको, मुलगी आणि मी. दोन-तीन जणांनी मला वेगवेगळं विचारलं की तू त्या हाफिजसाबांकडे (कुरआन तोंडपाठ असलेल्याला हाफिज म्हणतात) रुक्या, म्हणजे कुरआन पढून दम करून घ्यायला गेलेलास ना, तिथे नक्की काय करतात, अंगात येतं का, पैसे किती घेतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. लांब होईल, पण मधलं काही गाळलं तर चुकीचं समजेल.

२०२१ ची बकरी ईद २१ जुलैला होती, बुधवारी. कोरोनामुळे गर्दी नव्हती पण घरचे सगळे होते, कुर्बानीचं मटण वाटून झालं, उरलेलं फ्रीजरमध्ये, रात्री उशिरा झोपलो. पाऊस दोन दिवस थांबला नव्हता. पहाटे अब्बांनी हलवून उठवलं, दुकानात पाणी शिरतंय म्हणाले. आमच्याकडे पाणी येणं नवीन नाही, २००५ ला पण आलेलं, म्हणून आधी मी फक्त खालच्या फळ्यांवरचा माल वरच्या फळ्यांवर टाकायला लागलो. अर्ध्या तासात वरच्या फळ्या पण गेल्या. मग जिना. जिन्याच्या पायऱ्या मी मोजत होतो, सोळा पायऱ्या आहेत आमच्या, पाणी एक एक पायरी चढत होतं आणि मी वर उभा राहून मोबाईलचा टॉर्च मारून बघत होतो. तेराव्या पायरीला आम्ही घर सोडलं आणि मधल्या गच्चीवरून शेजारच्या काकूंच्या दुसऱ्या मजल्यावर गेलो, अब्बांना मी पाठीवर घेतलेलं. तिथे पूर्ण दिवस आणि पूर्ण रात्र काढली. लाईट नाही, मोबाईल बंद, अंधारात फक्त पाण्याचा आवाज आणि मधेच कुठूनतरी कुणीतरी ओरडायचं. कोण ओरडत होतं ते आजपर्यंत कळलं नाही.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते सांगत बसत नाही, चिखल, सडलेला माल, पंचनामे, उधारी, सगळ्यांचं तेच झालं. तेव्हा मला काहीच झालं नव्हतं. उलट घरातला सगळ्यात खंबीर माणूस मीच होतो असं सगळे म्हणायचे.

सुरू झालं ते २०२२ च्या जूनमध्ये. पहिला मोठा पाऊस रात्री पडला, पत्र्यावर आवाज सुरू झाला आणि मी झोपेतून उठून जिन्यावर जाऊन बसलो. छाती अशी धडधडत होती की वाटलं अटॅक आला. टॉर्च घेऊन पायऱ्या बघत होतो, कोरड्या होत्या, तरी बघत होतो. मग रोजच. पाऊस नसला तरी रात्री दोन-अडीचला जाग यायची, स्वप्न एकच, पाणी तेराव्या पायरीवर आणि अब्बा खाली दुकानात. दिवसा गिऱ्हाईकाशी बोलताना हात थरथरायचे. मुलीने नळ जोरात सोडला तरी मी तिच्यावर ओरडायचो. नमाजला उभा राहिलो की सगळं विसरायचो, किती रकात (नमाजचे फेरे) झाल्या ते पण.

घरात हळूहळू बोलणं सुरू झालं. फुफी म्हणाली नजर लागली, पुरानंतर तुझंच दुकान लवकर उभं राहिलं ना. काकूंनी एका संध्याकाळी मला त्यांच्या दारात उभं करून मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, आणि मी ती काढून घेतली, त्या बाईंनी त्या रात्री आम्हाला त्यांच्या घरात झोपवलेलं, त्यांचा हात डोक्यावरून फिरला तेवढंच बरं वाटलं. डॉक्टरकडे जायचं कुणी बोललं नाही. आमच्याकडे मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की लोकांना एकदम रत्नागिरीचं हॉस्पिटलच आठवतं, ते इंग्रजांच्या काळापासून आहे आणि ती भीती पण तेवढीच जुनी आहे.

मग एका ओळखीच्याने एका आमिलकडे, म्हणजे ताविज-उतारे करणाऱ्याकडे नेलं. गाव सांगत नाही, नाव पण नाही. हा भाग लिहायला मला सगळ्यात जड जातं पण तो लिहिल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

खोलीत अंधार, अगरबत्तीचा धूर, बाहेर वीसेक माणसं बसलेली. त्याने माझं नाव विचारलं आणि मग अम्मीचं नाव विचारलं, मग आकडे जोडले आणि म्हणाला नदीचं काहीतरी मागे लागलंय, पुराच्या पाण्यातून आलंय, आणि ते आपोआप नाही आलं, कुणीतरी पाठवलंय. कोण ते विचारलं तर म्हणाला घरातली बाई आहे, लग्न होऊन आलेली, गोरी, तुमच्याशी गोड बोलते. ५१०० पहिल्या दिवशी घेतले. गळ्यात बांधायला ताविज दिला, माझा वापरलेला शर्ट ठेवून घेतला, आणि पूर्ण उतारा करायचा तर २१ हजार सांगितले. दुकान उधारीवर उभं होतं आणि मी ते पैसे दिले.

पैसे गेले ते गेले. पण गोरी, लग्न होऊन आलेली, गोड बोलणारी म्हणजे आमच्या घरात एकच, माझी मोठी भाबी. भावजान कतारला असतात, भाबी दोन मुलांना घेऊन इथेच मोहल्ल्यात वेगळी राहते. पुरात तिचं पण सगळं गेलेलं. मी तिच्याकडे जाणं बंद केलं, तिने पाठवलेला डबा परत पाठवला, एकदा तर तिने दिलेलं पाणी मी तिच्यासमोर ओतून टाकलं. तिने काही विचारलं नाही, फक्त बघत राहिली. जुलै पूर्ण आणि अर्धा ऑगस्ट मी त्या बाईला मनात गुन्हेगार धरून वागलो, आणि झोप काही आली नाही.

हाफिजसाबांकडे मला अब्बा घेऊन गेले. म्हणजे अब्बांनी हात धरून अक्षरशः नेलं, मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजनंतर. हाफिजसाब सत्तरीचे असतील, तरुणपणी बरीच वर्षं सौदीत होते, आता मशिदीच्या बाजूच्या खोलीत मुलांना कुरआन शिकवतात. ते स्वतःला आमिल म्हणवत नाहीत आणि बोर्ड वगैरे काही नाही. घरात आम्ही ह्या सगळ्याला दम करणं म्हणतो, लहानपणी ताप आला की दादी पढून फुंकर मारायची, पाण्यावर पढून द्यायची. त्याचंच किताबातलं नाव रुक्या, म्हणजे कुरआनच्या आयती (ओळी) आणि हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत आलेल्या दुआ आजारी माणसावर पढणं. हल्ली तरुण पोरं यूट्यूबवर तासतासभराचे रुक्याचे ऑडिओ लावतात त्यामुळे तो शब्द सगळ्यांना माहीत झालाय.

पहिल्या दिवशी त्यांनी काहीच पढलं नाही. खोलीचं दार उघडं, ट्यूबलाईट चालू, बाहेर पोरं चपला घालतायत, आणि ते फक्त प्रश्न विचारत होते. झोप कधी लागते, जाग कधी येते, स्वप्न काय, भूक लागते का, छातीत दुखतं की धडधडतं, पूर आला तेव्हा तू कुठे होतास. अम्मीचं नाव विचारलं नाही. मी स्वतःहून सांगायला गेलो तर म्हणाले, "तुझ्या अम्मीचं नाव घेऊन मी काय करू बेटा, आजारी तू आहेस ना?" मग गळ्यातला ताविज दिसला. तो काढायला लावला, माझ्यासमोर उघडला. आत कागदावर चौकोन, चौकोनात आकडे, कडेला काही अक्षरं जी त्यांना पण वाचता येत नव्हती. ते म्हणाले ज्याचा अर्थ पढणाऱ्याला माहीत नाही ते अंगाला बांधायचं नाही. आलिम लोकांनी (धर्माच्या जाणकारांनी) रुक्यासाठी तीन गोष्टी सांगितल्यात, त्या त्यांनी बोटावर मोजून दाखवल्या. अल्लाहचा कलाम (शब्द) असावा किंवा त्याची नावं आणि सिफती (गुण), शब्द अरबीत किंवा अर्थ कळेल अशा भाषेत असावेत, आणि मनात हे पक्कं असावं की पढण्यात स्वतःची ताकद नाही, शिफा देणारा, बरं करणारा तोच. ह्यातलं एक जरी सुटलं तरी मी पढणार नाही म्हणाले. तो कागद त्यांनी पाण्यात भिजवला, शाई सुटेपर्यंत थांबले, आणि ते पाणी बाहेर नारळाच्या मुळाशी ओतलं.

मी विचारलं, माझ्यावर जिन आहे का. त्यांनी पटकन नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. "जिन आहेत, कुरआनात त्यांच्या नावाची सूरह (अध्याय) आहे, मी ईमान ठेवतो. पण तुझ्या अंगात आहे असं मी कशावरून सांगू? गैब, न दिसणारं ते फक्त अल्लाहला माहीत. ज्याने तुला सांगितलं त्याला कुणी सांगितलं?" आणि मग भाबीबद्दल कळल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग एवढंच म्हणाले, "पढणं मी उद्यापासून करतो, पण तिचं ओझं तुझ्या छातीवर आहे, ते पढून उतरणार नाही. ते तुलाच जाऊन उतरवायला लागेल."

दुसऱ्या दिवसापासून सात संध्याकाळ, मगरिब ते इशा (रात्रीची नमाज). सातच का तर त्यांनी सांगितलं की आकड्यात काही नाही, आठवडाभर बघू, फरक पडतो का. वजू करून (नमाजच्या आधी हातपाय-तोंड धुतात तसं) जायचं. मी मांडी घालून बसायचो, ते समोर, अब्बा बाजूला. बायकांवर पढायचं असेल तर त्यांच्याबरोबर घरचा माणूस लागतो आणि ते हात लावत नाहीत, हे पण सांगून ठेवतो कारण बऱ्याच बायकांनी विचारलंय. माझ्या डोक्यावर उजवा हात ठेवायचे आणि सुरुवात कुरआनच्या पहिल्या सूरहने, फातिहाने, सात वेळा.

फातिहा मला काय नवीन होती? पाच वेळच्या फर्ज नमाजच्या सतरा रकाती होतात, प्रत्येकीत फातिहा, आणि आम्ही कोकणी शाफई असल्यामुळे इमामच्या मागे पण स्वतः पढतो, म्हणजे दिवसाला सतरा वेळा तरी ती जिभेवरून जातेच. पण मी पढतो ती धावत. त्यांनी पढली ती एकेका आयतीला थांबून, श्वास घेऊन, आणि कोकणातल्या म्हाताऱ्या माणसाचा तो थोडा घोगरा आवाज, आणि तिसऱ्या वेळेला इय्याका नअबुदु व इय्याका नस्तईन आलं, तुझीच इबादत करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो, तेव्हा मला आठवलं की त्या रात्री काकूंच्या घरात मी मदत मागितलीच नव्हती, मी फक्त पायऱ्या मोजत होतो. आणि मला रडायला आलं. हुंदके देऊन. अब्बांसमोर मी लहानपणानंतर रडलो नव्हतो.

फातिहानंतर आयतल कुर्सी, म्हणजे सूरह बकराची २५५ वी आयत, मग बकराच्या शेवटच्या दोन आयती, मग मूसा अलैहिस्सलाम आणि जादूगारांच्या आयती सूरह आराफ, यूनुस आणि ताहातल्या, मग शेवटच्या तीन, इख्लास, फलक, नास. मधेमधे हलकी फुंकर. मग एक दुआ जी आजाऱ्याला भेटायला गेलं की पढतात, अर्थ असा की लोकांच्या रब, हा त्रास दूर कर, शिफा दे, तूच शाफी आहेस, तुझ्या शिफाशिवाय शिफा नाही. पूर्ण व्हायला पाऊण तास लागायचा. दुसऱ्या संध्याकाळी आराफच्या आयती चालू असताना माझे हात पाय जोरात थरथरायला लागले, कान गरम, जांभया थांबेनात. आमिलच्या खोलीत असं झालं असतं तर त्याने जिन हजर झाला म्हणून प्रश्न विचारायला सुरुवात केली असती, मी तिथे बाहेर बसून ते ऐकलंय, बायकांना केस धरून नाव सांग नाव सांग करतात. हाफिजसाबांनी पढणं थांबवलं. पाणी दिलं. पाठीवर हात फिरवत बसले. म्हणाले, "घाबरू नको, वर्षभर दाबून धरलेलं आहे, सुटतंय. शरीर असंच करतं." मी शांत झालो मग जिथे थांबलेले तिथून परत सुरू केलं.

रोज एक बाटली पढलेलं पाणी आणि थोडं ऑलिव्हचं तेल द्यायचे, झोपताना छातीला लावायला. एक दिवस बोरीची सात पानं आणायला सांगितली, दगडावर ठेचून पाण्यात मिसळली, त्यावर पढलं आणि त्या पाण्याने आंघोळ. हे जुन्या बुजुर्गांपासून आलेलं आहे. बोर आमच्याकडे रानात कुठेही मिळते, पण पानं तोडायला मी आणि मुलगी दोघं गेलो आणि ती वाटेत इतकं बोलत होती, तिने दोन महिन्यांत माझ्याशी नीट बोलणंच सोडलेलं.

चौथ्या दिवशी त्यांनी विंचवाची गोष्ट सांगितली. हदीसमध्ये आहे, अबू सईद खुदरी रजि. यांनी सांगितलेली. सहाबा (पैगंबरांचे साथी) प्रवासात होते, एका कबिल्याजवळ उतरले, त्या लोकांनी पाहुणचार करायला नकार दिला. मग त्यांच्या सरदाराला विंचू चावला, कशाने उतरेना, तेव्हा ते सहाबांकडे आले. एकाने फातिहा पढून पढून दम केला आणि तो माणूस असा उठला जसं दावणीचं जनावर सुटावं. बदल्यात बकऱ्या मिळाल्या, पण वाटायच्या आधी त्यांनी येऊन रसूलुल्लाह (पैगंबर) सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना विचारलं. ते म्हणाले तुला कसं कळलं की फातिहा रुक्या आहे, आणि वाटा, माझा पण हिस्सा ठेवा. म्हणजे मोबदला घेणं हराम नाही, पण हाफिजसाब एक रुपया घेत नाहीत, त्यांचं म्हणणं की मी घेतला तर उद्या मला तुझा आजार लवकर बरा होऊ नये असं वाटायला लागेल.

मी विचारलं मग विंचू चावला तर पढायचं ना. ते एकदम सरळ बसले. "पढायचं, आणि पढत पढत सरकारी दवाखान्यात जायचं. आपल्या महाडच्या बावस्करांचं नाव ऐकलंस ना?" डॉ. हिम्मतराव बावस्कर, ज्यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर आयुष्य घालवलं, प्राझोसिन नावाची ब्लडप्रेशरची गोळी विंचवाच्या विषावर वापरून दाखवली आणि त्याआधी दवाखान्यात पोचून पण मरणारी माणसं वाचायला लागली. हाफिजसाबांच्या लहानपणी त्यांचा एक भाऊ विंचू चावून गेला, रात्रभर घरात पढणं झाडणं चालू होतं, सकाळी गेला. ते सांगताना त्यांचा आवाज बदलला. "अल्लाहने आजार उतरवला तसा इलाज पण उतरवला, हे पण हदीसच आहे. इलाज सोडून नुसतं पढत बसणं ही त्या हदीसची नाफरमानी आहे, ती न मानणं आहे." मला नंतर एका मित्राने दाखवलं की आपल्या महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात पण अगदी हेच आहे, साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. मला ते वाचून वाईट वाटलं नाही, हाफिजसाबांचा भाऊ आठवला.

आणि त्याच संध्याकाळी त्यांनी चिठ्ठीवर एका डॉक्टरचं नाव लिहून दिलं. मनाचे डॉक्टर. ह्यांच्याकडे जा, आणि मला येऊन सांग काय म्हणाले. मला धक्का बसला, मला वाटलं ते हात झटकतायत. तसं नव्हतं. ते म्हणाले तुझी छाती धडधडते ती जिभेने पढून थोडी थांबते आणि रात्री परत सुरू होते, म्हणजे शरीराला पण काहीतरी लागणार.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, पायऱ्या, स्वप्न, नळाचा आवाज. म्हणाले मोठ्या संकटातून गेलेल्या माणसाला असं होतं, ह्याला नाव आहे, आणि ह्यावर उपचार आहेत. बोलायला दर पंधरा दिवसांनी बोलावलं, एक सकाळची गोळी, आणि स्वप्नांसाठी रात्रीची एक छोटी गोळी, पहिले काही दिवस रात्री उठताना हळू उठा, प्रेशर उतरून चक्कर येऊ शकते म्हणाले. मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघितली आणि विचारलं, "विंचू चावला काय कोणाला?" गोळी प्राझोसिन होती. मी तिथेच काउंटरवर उभा राहिलो. विंचवाच्या दंशावर पढलेली सूरह माझ्यावर पढली जात होती आणि विंचवाच्या दंशावरचीच गोळी माझ्या हातात होती. डॉक्टरांना नंतर विचारलं तर म्हणाले हो, वाईट स्वप्नांसाठी पण देतात. कुणी ह्याला योगायोग म्हणेल, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मी घरी येऊन दोन रकात शुक्राना पढली. (गोळ्या मला माझ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी दिल्या, नाव वाचून कुणी स्वतः घेऊ नका, प्रेशर खरंच उतरतं.)

शेवटच्या दोन संध्याकाळी हाफिजसाबांनी माझ्यावर पढलंच नाही, मला पढायला लावलं. खरी रुक्या हीच, ते म्हणाले, स्वतःची स्वतःवर. रसूलुल्लाह स. रोज झोपताना दोन्ही तळवे जोडून त्यात इख्लास, फलक, नास पढून फुंकायचे आणि डोक्यापासून सुरू करून हात पोचेल तिथपर्यंत अंगावर फिरवायचे, तीन वेळा, हे हजरत आयशा रजि. यांनी सांगितलंय. माझा तळवा धरून दाखवलं लहान पोराला शिकवतात तसं. आणि दुखतंय तिथे हात ठेवून तीन वेळा बिस्मिल्लाह आणि सात वेळा एक दुआ, की मला जे जाणवतंय आणि ज्याची मला भीती आहे त्याच्यापासून मी अल्लाहच्या इज्जत आणि कुदरतची पनाह मागतो. ज्याची भीती आहे, हे शब्द त्यात आहेत. मी हात छातीवर ठेवला.

फलकचा अर्थ त्यांनी मला पहिल्यांदा शब्दाशब्दाने सांगितला. पहाटेच्या रबची पनाह (आसरा), आणि अंधाराच्या शरपासून (वाईटापासून) जेव्हा तो पसरतो. चाळीस वर्षं ही सूरह पाठ आहे मला आणि त्यात रात्रीच्या भीतीचं नाव घेतलंय हे माहीत नव्हतं. आणि यूनुस अलैहिस्सलाम यांची दुआ, माशाच्या पोटातली, ला इलाहा इल्ला अन्ता सुब्हानका इन्नी कुन्तु मिनज्जालिमीन. तफसीर (कुरआनचा अर्थ) सांगणारे म्हणतात तिथे अंधारावर अंधार होता, रात्रीचा, समुद्राचा, माशाच्या पोटाचा. त्याच्यापुढे मी काय सांगू, ज्याने ती रात्र काढली त्याला सांगायला लागत नाही.

त्या दुआत शेवटी आहे, मीच जुलूम करणाऱ्यांपैकी होतो. सातव्या दिवशी इशा झाल्यावर मी घरी न जाता भाबीकडे गेलो. दारात उभा राहून सगळं सांगितलं, आमिल, गोरी बाई, पाणी का ओतलं ते. तिने लगेच माफ वगैरे केलं नाही. ती म्हणाली, "मला वाटलं मी उधारीचे पैसे मागेन म्हणून तुम्ही लांब झालात. पण हे? तुम्ही माझ्याबद्दल हे मानलंत?" आणि आत निघून गेली. ती बोलायला लागली ती पुढच्या रमजानमध्ये, तोपर्यंत भावजानपण फोनवर माझ्याशी मोजकं बोलायचे. आता येणंजाणं आहे, पण पूर्वीसारखं मोकळं बोलणं तिचं माझ्याशी होत नाही, ते मी समजू शकतो. जो माणूस पैसे घेऊन कुणाच्यातरी वहिनीकडे, जावेकडे, सासूकडे बोट दाखवतो त्याने किती घरं अशी केली असतील ह्याचा विचार आला की मला अजून राग येतो. माझी एकच विनंती आहे, कुठेही जा, पण कुणी केलं हे सांगणारा भेटला की तिथून उठा.

झोप किती दिवसांनी आली म्हणाल तर पहिली सलग रात्र दुसऱ्या आठवड्यात, फजरच्या अजानपर्यंत. गोळीने आली की पढण्याने असं मला विचारतात. मी दोन्ही एकाच वेळेला घेत होतो, वेगळं कसं करू, आणि मला करायचं पण नाही. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या आम्ही दिवेलागणीला रामरक्षा म्हणतो तसंच ना रे हे, मी हो म्हटलं, त्या पण तो पूर्ण दिवस आणि रात्र पाण्याच्या आवाजात तीच म्हणत बसलेल्या, मी ऐकत होतो. रात्रीची गोळी आठ महिन्यांनी डॉक्टरांनी बंद केली, सकाळची आणखी वर्षभर चालली. तळव्यात पढणं चालू आहे, ते बंद करायचं नाही.

पावसासाठी हाफिजसाबांनी एक वेगळी दुआ शिकवलेली. मदिनेत खूप पाऊस झाला, घरं पडायला लागली, तेव्हा एक माणूस जुम्म्याच्या खुत्ब्यात (शुक्रवारच्या प्रवचनात) उठून बोलला आणि रसूलुल्लाह स. यांनी हात वर करून दुआ केली, अल्लाहुम्मा हवालैना वला अलैना, या अल्लाह आमच्या आजूबाजूला पडू दे, आमच्यावर नको, टेकड्यांवर, डोंगरांवर, दऱ्यांत, झाडांच्या मुळांशी. पाऊस बंद कर असं नाही म्हटलं, हे मला फार आवडतं, पाऊस बंद झाला तर आमचा भात कुठून येणार. जोराचा पाऊस सुरू झाला की मी आता जिन्यावर जात नाही, खिडकीत उभा राहतो आणि ही पढतो, मुलगी पण येऊन उभी राहते, तिला पाठ झालीय.

गेल्या पावसाळ्यात तिने अर्थ विचारला. मी सांगितला. तिने विचारलं, डोंगरावर पण माणसं राहतात ना, मग? मला पटकन उत्तर देता आलं नाही. ज्या दिवशी आम्ही काकूंच्या घरात बसलेलो त्याच दिवशी, २२ जुलैला, महाड तालुक्यात तळीयेला दरड आली आणि ८० हून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशी मी हाफिजसाबांना तिचा प्रश्न जाऊन सांगितला. ते बराच वेळ विचार करत होते, मग म्हणाले ती दुआ मदिनेच्या डोंगरांसाठी होती जिथे कुणी राहत नव्हतं, आणि दुआ संपली की आपल्या भाषेत मागायला कुणी अडवलंय? तेव्हापासून अरबीतली दुआ झाली की ती मराठीत एक ओळ जोडते, डोंगरावरच्या लोकांना पण सांभाळ, आणि मी आमीन म्हणतो.